स्टाफरूममधला अबोला आणि मुख्याध्यापकांची कसोटी

मुलाला शाळेत घालताना पालक पुष्कळ गोष्टी विचारतात. दहावीचा निकाल किती, प्रयोगशाळा आहे का, मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह आहे का, ऑटो घरापर्यंत येतो का. एक प्रश्न मात्र आम्ही आजवर कुठल्याही पालकाच्या तोंडून ऐकलेला नाही : या शाळेतले शिक्षक एकमेकांशी बोलतात का? अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाळांत वीसेक वर्षे काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की हा प्रश्न निकालाच्याही आधी विचारायला हवा.

शिक्षक बोलत नसले तर मुलांचे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. दहावीला बोर्डाचे गणित दोन भागांत असते, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. अनेक शाळांत हे दोन भाग दोन शिक्षकांकडे असतात. त्यांच्यात अबोला असला की दोघेही एकाच शनिवारी जादा तास ठेवतात, दोघेही एकाच आठवड्यात चाचणी घेतात. भूमितीच्या उदाहरणाला लागणारे समीकरण अजून शिकवून झालेले नाही, एवढे साधे वाक्यही एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. मुलांना हे सारे कळते. कोणत्या सरांसमोर कोणत्या मॅडमचे नाव काढायचे नाही, हे पोरे शाळा उघडल्यावर पहिल्या महिन्यातच शिकतात. पुस्तकातला पहिला धडा संपायच्या आधी.

या भांडणांचे कारण विचारले की सगळीकडे एकच उत्तर मिळते. "स्वभाव हो, दुसरं काय!" एक सर तापट, दुसऱ्या मॅडम फटकळ, तिसरे कानाचे हलके. आम्हांला हे उत्तर पटत नाही. आम्ही जवळून पाहिलेल्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी एखादा कागद सापडला. तो वेळेवर काढला गेला नव्हता, किंवा काढून कुणाला दाखवला नव्हता, किंवा बाबूंच्या कपाटात कुलूपबंद होता. स्वभावाचे तेल त्यावर नंतर पडते.

सर्वांत मोठा कागद म्हणजे सेवाज्येष्ठता यादी. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा कायदा आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली. शिक्षकांच्या बोलण्यात तिला नुसते 'एम.ई.पी.एस.' म्हणतात. त्या नियमावलीचा बारावा नियम या विषयावर इतका स्पष्ट आहे की तो प्रत्येक स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटवायला हवा. व्यवस्थापनाने यादी तयार करायची, ती सर्व शिक्षकांमध्ये फिरवायची, प्रत मिळाल्याच्या सह्या घ्यायच्या. नंतर काही बदल केला तर तोही दाखवून पुन्हा सह्या घ्यायच्या. कोणाची हरकत असेल तर तिचा विचार करायचा. आणि तरीही आपसांत वाद राहिला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा. नियम करून चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी आपल्या नोकरीत ही यादी एकदाही डोळ्यांनी न पाहिलेले शिक्षक आम्हांला आजही भेटतात.

अकोला जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावची गोष्ट सांगतो. शाळेचे पर्यवेक्षक मे महिन्यात निवृत्त होणार, हे सगळ्यांना वर्षभर आधी ठाऊक होते. दावेदार दोन. एक सर डी.एड.वर आधी लागलेले, बी.ए. आणि बी.एड. नोकरीत असताना पूर्ण केलेले. एक मॅडम बी.एस्सी., बी.एड. होऊन नंतर हायस्कूलला लागलेल्या. दोघांचे घरोब्याचे संबंध, ईदला एकमेकांकडे शीरखुर्मा जायचा. मुख्याध्यापकांनी काय केले? सरांना एकटे गाठून म्हणाले, "इन्शाअल्लाह, तुमचंच होईल." मॅडमनाही एकटे गाठून तेच म्हणाले. भला माणूस, कुणाचे मन मोडायचे नव्हते. मेमध्ये आदेश निघाला आणि जून संपताना शाळा उघडली ती दोन तुकड्यांत. एक गट स्टाफरूममध्ये चहा घेई, दुसरा फाटकाबाहेरच्या टपरीवर. स्नेहसंमेलनाची जबाबदारी कोणी घेईना म्हणून त्या वर्षी ते झालेच नाही.

त्या दोघांपैकी ज्येष्ठ कोण, याचा निवाडा आम्ही येथे करणार नाही. डी.एड.वर आधी लागलेला ज्येष्ठ की पदवी आणि बी.एड. घेऊन नंतर लागलेला, ही नियमावलीतल्या अनुसूची 'फ'ची गुंतागुंत आहे. अशी प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. पण एक गोष्ट वकील न लावता सांगता येते. दोघांनाही आपण कोणत्या प्रवर्गात, कोणत्या तारखेपासून, हे आठ महिने आधी लेखी दिसले असते तर जो दुखावला जायचा तो यादीवर रागावला असता, आपल्या मैत्रिणीवर किंवा मित्रावर नाही.

अमरावती शहरात आमच्या ओळखीचे एक मुख्याध्यापक होते, आता निवृत्त आहेत. मुले आणि शिक्षक, सारेच त्यांना बडे सर म्हणत. ते दर जानेवारीत यादी काढायचे, सूचनावही फिरवायचे, सह्या घ्यायचे आणि हरकतीसाठी पंधरा दिवस द्यायचे. सुरुवातीला लोक हसत. "कुणी मरत नाही, कुणी रिटायर होत नाही, यादी कशाला?" त्यांचे उत्तर असे की पद रिकामे नसताना झालेला वाद चहाच्या एका कपात मिटतो, पद रिकामे झाल्यावर तोच वाद वकिलाकडे जातो. आणि खरेच जातो. बढती डावलली गेली असे वाटणाऱ्या शिक्षकाला आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येते. तेथून पुढे आपल्या भागाला उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ. हा हक्क शिक्षकांच्या संरक्षणासाठी आहे आणि गरज पडली तर जरूर वापरावा. पण नागपूरच्या तारखेला गेलेल्या सरांचा तास त्या दिवशी कोण घेतो, हेही पाहायला हवे.

दुसरा कागद वेळापत्रकाचा. वऱ्हाडात याला एक खास फोडणी आहे, ती म्हणजे अप-डाऊन. अकोल्यात राहून मूर्तिजापूरला, अमरावतीत राहून बडनेऱ्यावरून गाडी धरून पुढे जाणारे शिक्षक शेकड्यांनी आहेत. मुलांचे शिक्षण शहरात, आई-वडील शहरात, म्हणून बिऱ्हाड हलत नाही. गाडी लेट झाली की पहिला तास बुडतो, आणि तो तास गावात राहणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो. महिनाभर असे झाले की गावातला शिक्षक म्हणतो, "काऊन, आम्ही काय नोकर आहो काय यांचे?" आणि अप-डाऊनवाला म्हणतो, "गाडी माझ्या बापाची आहे का?" दोघांचेही खरे आहे. येथे बहुतेक मुख्याध्यापक एकतर मेमो काढतात, नाहीतर डोळेझाक करतात.

अमेरिकेत मेरी पार्कर फॉलेट नावाची एक विदुषी होऊन गेली. तिने १९२५ साली माणसांच्या भांडणांवर एक व्याख्यान दिले. तिचे म्हणणे असे की भांडण तीन तऱ्हांनी संपते. एक जण दुसऱ्याला नमवतो, किंवा दोघे थोडे थोडे सोडतात, किंवा दोघांनाही हवे ते मिळेल अशी तिसरी वाट सापडते. तिने स्वतःचेच उदाहरण दिले. हार्वर्डच्या ग्रंथालयात एका लहान खोलीत कोणाला तरी खिडकी उघडी हवी होती, तिला बंद हवी होती. शेवटी शेजारच्या खोलीतली खिडकी उघडली, तेथे कोणीच बसलेले नव्हते. समोरच्याला हवा पाहिजे होती, आणि तिला वाऱ्याचा झोत अंगावर नको होता. खिडकी हे दोघांच्याही मागणीचे नुसते रूप होते.

आमच्या बडे सरांनी फॉलेटचे नाव ऐकले असेल असे वाटत नाही, पण शेजारच्या खोलीतली खिडकी त्यांनी बरोबर शोधली. गावातल्या शिक्षकांना काय पाहिजे, हे त्यांनी एकेकाला बसवून विचारले. तेव्हा कळले की पहिला तास घ्यायला कोणाचीच ना नव्हती. त्रास वेगळा होता. दुसऱ्याचा विषय, दुसऱ्याचा वर्ग, आयत्या वेळी, आणि त्याची नोंद कुठेच नाही. मग त्यांनी वेळापत्रकच फिरवले. पहिला तास कायमचा स्थानिक शिक्षकांच्या स्वतःच्या विषयाचा. त्या बदल्यात शेवटचा तास, मुले सुटल्यावर फाटकावर उभे राहणे, खेळाचा तास, पोषण आहाराची संध्याकाळची नोंद ही कामे अप-डाऊनवाल्यांची. त्यांची परतीची गाडी तशीही तासाभराने असे. प्रत्येक बदली तासाची नोंद वहीत, आणि महिनाअखेर ती वही टेबलावर उघडी. कोणी किती तास दिले, कोणाचे किती फिटले, सगळ्यांना दिसे. त्यानंतर त्या शाळेत अप-डाऊनवरून मेमो निघाल्याचे आम्ही ऐकले नाही.

तिसरा कागद मुख्याध्यापकाच्या हातात नसतोच. तो संचमान्यतेचा. तीस सप्टेंबरच्या पटावर शाळेला शिक्षक किती मिळणार हे ठरते. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने त्याचे निकष पुन्हा बदलले. आपल्या उर्दू शाळांचा पट अनेक ठिकाणी घसरतो आहे. ज्यांना परवडते ते इंग्रजी माध्यमाकडे जातात. पट घसरला की एक पद अतिरिक्त ठरते, आणि अतिरिक्त ठरणाऱ्याचे समायोजन जिथे जागा असेल तिथे. जिल्ह्यात जागा नसली तर विभागात, म्हणजे बुलढाणा, वाशीम, यवतमाळपर्यंत कुठेही. मराठी माध्यमाच्या शिक्षकाला जवळची दुसरी शाळा मिळण्याची निदान आशा असते. उर्दू माध्यमाच्या शाळा मुळातच थोड्या, म्हणून आपल्या शिक्षकाला ही भीती दुप्पट.

या भीतीतून जी भांडणे होतात ती वरवर भलत्याच गोष्टीवरून होतात. उन्हाळ्यात शिक्षक घरोघरी फिरून मुले आणतात. कोणी किती आणली यावरून टोमणे सुरू होतात. "मी बारा आणली, त्यांनी दोन आणली, आणि अतिरिक्त मात्र मी!" एकाने आणलेले मूल दुसऱ्याच्या यादीत कसे गेले यावरून भर बैठकीत दोन शिक्षिकांची कडाक्याची झालेली आम्ही पाहिली आहे. त्यात मुलाचे नाव एकीलाही नीट आठवत नव्हते. अशा वेळी मुख्याध्यापकाने "शांत राहा, आपण सगळे एका कुटुंबातले" असे म्हणून काही होत नाही. पगार जाण्याची धास्ती कुटुंबाच्या गोष्टीने कमी होत नाही. आकडे मांडले तर होते. आज पट इतका, निकष इतका, इतकी मुले कमी पडली तर एक पद जाते, आणि गेले तर यादीप्रमाणे अमुक विषयाचे जाते. हे जुलैतच सांगितले तर निदान भलत्याचा भलत्यावर संशय राहत नाही.

टीईटीचेही तसेच झाले. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली त्यांना परीक्षेशिवाय निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा आहेच. अल्पसंख्याक शाळांना हे लागू करावे का, हा प्रश्न त्याच निकालात मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. या खटल्यातली एक बाजू 'अंजुमन इशाअत-ए-तालीम' ट्रस्ट होती आणि समोर महाराष्ट्र शासन, म्हणजे गोष्ट आपल्या दारातलीच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये काय झाले असेल हे शिक्षकांच्या घरातल्या वाचकांना सांगायला नको. टीईटी झालेली तरुण मंडळी एका कोपऱ्यात, पन्नाशीतले दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मध्ये व्हॉट्सअॅपवरून आलेले अर्धवट मेसेज. एका शाळेत मुख्याध्यापिकेने त्या आठवड्यात एवढेच केले. निकालाची प्रत मिळवली, शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांसमोर मुद्दे वाचून दाखवले, आणि "पुढचे अजून ठरलेले नाही" हेही स्पष्ट सांगितले. मग ज्यांची टीईटी झालेली होती त्यांना विचारले, बाकीच्यांना आठवड्यातून एक तास शिकवाल का? दोघे तयार झाले. जे एकमेकांकडे तिरके बघत होते त्यांतले चौघे त्या तासाला बसू लागले.

आता एक नाजूक विषय. अल्पसंख्याक संस्थांना आपला मुख्याध्यापक निवडण्याचा हक्क आहे. १९७७ च्या कायद्याचे तिसरे कलम अल्पसंख्याक शाळेच्या मुख्याध्यापकाची निवड त्या कायद्याच्या तरतुदींतून वगळते. केरळमधल्या एका मुस्लिम हायस्कूलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली हा हक्क मान्य केला आहे. संविधानाच्या तिसाव्या कलमाचे हे देणे आहे आणि ते मोलाचे आहे. पण या हक्काची एक किंमत स्टाफरूम भरते, ती संस्थाचालकांना दिसत नाही. बिगर-अल्पसंख्याक शाळेत यादीतला पहिला माणूस मुख्याध्यापक होतो. तो आवडो न आवडो, त्याचे तेथे असणे कोणाला खुपत नाही. आपल्याकडे यादीत पाचवा असलेला त्या खुर्चीत बसू शकतो. मग पहिले चौघे त्याला मनातून 'संस्थेचा माणूस' म्हणतात. तो सचिवांचा भाचा किंवा जावई असला तर विचारूच नका. तो कितीही लायक असो, त्याने दिलेला प्रत्येक तास, नाकारलेली प्रत्येक सीएल त्याच चष्म्यातून पाहिली जाते.

आमचे म्हणणे असे की हक्क वापरा, पण ज्याला ओलांडले त्याला समोर बसवून कारण सांगा. अध्यक्षांनी स्वतः सांगा. शिपायाकडून पाठवलेल्या आदेशाच्या प्रतीने हे काम होत नाही. हजरे अस्वद बसवण्याची गोष्ट आपल्या घरांत मुलांना लहानपणी सांगितली जाते. काबागृहाची बांधणी चालू असताना हा मान कोणाला, यावरून कुरैशांची घराणी तलवारीवर आली होती. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी तो दगड चादरीवर ठेवून सगळ्यांच्या हाती तिचे पदर दिले. हे प्रेषित्वाच्या आधीचे. या गोष्टीतला पदर आपण नेहमी सांगतो, शेवटचा भाग विसरतो : दगड जागेवर बसवला तो त्यांनी स्वतःच्या हाताने. निर्णय घेणारा हात एकच होता. आपल्या काही संस्थांत उलटे आहे. पदर कोणालाच मिळत नाही, आणि हात मात्र पाच जणांचे असतात : अध्यक्ष, सचिव, सचिवांचे बंधू, मुख्याध्यापक आणि बाबू.

'आपलेच लोक' हा आपल्या शाळांचा आधारही आहे आणि अडचणही. आधार असा की घरात मयत झाली, मुलीचे लग्न निघाले, तर अख्खा स्टाफ उभा राहतो. अडचण अशी की भांडण झाले तरी ते लिहिले जात नाही. मोहल्ल्यातले दोन बुजुर्ग येतात, दोघांना गळाभेट करायला लावतात, "जाने दो भाई, माफ करो" म्हणतात, मिठाई वाटली जाते. सहा महिन्यांनी तेच भांडण त्याच मुद्द्यावर पुन्हा उभे राहते, कारण मुद्दा कोणी हातच लावलेला नसतो. गळाभेट झाली ती माणसांची. वेळापत्रक आहे तसेच राहिले.

आणि काही गोष्टी तर मिटवायच्या नसतातच. एखाद्या शिक्षिकेने सहकाऱ्याच्या किंवा वरिष्ठाच्या गैरवर्तनाची तक्रार केली तर ते 'दोघांचे भांडण' नव्हे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष ज्येष्ठ महिला कर्मचारी हवी. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हायला हवी. "बदनामी होईल, घरातली गोष्ट घरात ठेवा" असे जो मुख्याध्यापक त्या भगिनीला सांगतो तो शाळेची अब्रू राखत नाही. तो आपली कटकट टाळतो, एवढेच. पैशाचा किंवा पोषण आहाराच्या धान्याचा घोळ असेल तर तेथेही गळाभेट कामाची नाही. शिक्षकावर गंभीर आरोप असला तर १९८१ च्या नियमावलीतच रस्ता आहे. आरोप लेखी द्यायचे, खुलाशाला सात दिवस, आणि चौकशी ठरली तर तीन जणांची समिती. एक व्यवस्थापनाचा, एक शिक्षकाने स्वतः निवडलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांमधला. ज्याच्यावर आरोप आहे त्याचाही माणूस समितीत असतो, हे पुष्कळ शिक्षकांना माहीतच नसते.

मुख्याध्यापकांच्या बाजूनेही चार शब्द लिहायला हवेत. खाजगी शाळेत निवृत्तीचे वय ५८. ज्येष्ठतेने खुर्ची मिळते ती बहुधा चौपन्न-पंचावन्नाव्या वर्षी. तीस वर्षे इतिहास किंवा गणित शिकवलेला माणूस एका सोमवारी सकाळी पंचवीस जणांचा प्रमुख होतो, आणि काल ज्यांच्यासोबत डबा खाल्ला त्यांच्या सीएलवर सही करू लागतो. त्याला हे कोणी शिकवले? बी.एड.ला शाळा व्यवस्थापनाचा भाग असतो खरा, पण तो आम्ही सगळ्यांनी परीक्षेपुरताच वाचला. दिल्लीच्या 'नीपा' संस्थेत २०१२ साली शाळा-नेतृत्वासाठी खास केंद्र सुरू झाले. जिल्ह्याच्या 'डाएट'मध्येही प्रशिक्षणे होतात. त्यांतला मोठा वेळ पोर्टल, शालार्थ, माहिती भरणे यांत जातो. समोर रडत उभ्या असलेल्या शिक्षिकेला आधी पाणी द्यायचे की आधी अर्ज मागायचा, हे कुठल्याच पोर्टलवर नाही. त्यात शिक्षक मतदारसंघाची निवडणूक जवळ आली की स्टाफरूम पुन्हा संघटनांप्रमाणे वाटली जाते, आणि दोन्हीकडचे लोक मुख्याध्यापकाचा कल कुठे आहे हे चहाच्या घोटागणिक तपासतात.

बडे सरांच्या काही सवयी आम्ही डोळ्यांनी पाहिल्या, त्या सांगतो. कोणी कोणाविरुद्ध बोलायला आले की ते पहिल्यांदा विचारत, "हे तुम्ही त्यांना सांगितलं का?" नाही म्हटले तर परत पाठवत. सांगूनही उपयोग झाला नसेल तर ऐकून घेत, पण त्या दिवशी काहीच ठरवत नसत. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचे ऐकत. तिसऱ्या दिवशी दोघांना आपल्या खोलीत बोलावत, आणि पहिले काम असे की समोरच्याची तक्रार काय आहे ती प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायची. निम्मे भांडण येथेच ओसरे, कारण समोरच्याचे म्हणणे वेगळेच निघे. जे ठरे ते तीन-चार ओळींत लिहून दोघांच्या सह्या. बाबूंकडून निरोप नाही, शिपायाकडून चौकशी नाही, आणि शाळेच्या ग्रुपवर कोणाच्या चुकीबद्दल एक शब्द नाही. निनावी पत्र आले तर पाकीट उघडायचे, सही नाही असे दिसले की टोपलीत. मेमो त्यांनीही दिले, पण बोलणे आणि लेखी सूचना दोन्ही होऊन गेल्यावर.

शेवटी आमच्याच गटातली एक तक्रार, कारण ती उर्दू शाळांतच असते आणि तिच्यावर कोणी लिहीत नाही. जिल्हा परिषद, पंचायत समिती, वेतनपथक, सगळीकडून येणारा कागद मराठीत आणि जाणारा कागदही मराठीत. शाळेत ज्याला मराठी चांगले येते त्याच्या टेबलावर तो ढीग पडतो. तो मराठीचा शिक्षक कधी आमच्यासारखा दोन्ही भाषांतला असतो, तर कधी एकटाच हिंदू सहकारी असतो. स्टाफरूममध्ये गप्पा उर्दूत रंगलेल्या असतात आणि तो कोपऱ्यात बसून सर्वांच्या अहवालांचे शुद्धलेखन तपासत असतो. तोंडाने सगळे म्हणतात, "सर, तुमच्यासारखं मराठी आम्हांला कुठं येतं!" ही स्तुती वर्षानुवर्षे फुकट काम करून घेते. एका शाळेत असे शिक्षक तीन वर्षे काही बोलले नाहीत, आणि एक दिवस ऑनलाइन माहिती भरण्याच्या शेवटच्या तारखेला रजेचा अर्ज ठेवून घरी गेले. मोठा गहजब झाला. काहींनी त्याला भलताच रंग द्यायचा प्रयत्नही केला.

तेथल्या मुख्याध्यापिकेने तो रंग चढू दिला नाही. सरांना बोलावले, मागच्या वर्षाचे जावक रजिस्टर उघडले आणि त्यांनी लिहिलेली पत्रे मोजली. आकडा बघून त्या स्वतःच गप्प झाल्या. मग बैठकीत ते रजिस्टरच सगळ्यांसमोर ठेवले. पुढच्या महिन्यापासून मराठी पत्रव्यवहाराची पाळी लागली, प्रत्येक शिक्षकाकडे एक महिना. सरांनी फक्त शंका विचारली तर सांगायचे, आणि त्याबद्दल आठवड्याचे दोन तास कमी. गप्पांचाही एक नियम झाला. सर खोलीत असतील तर शाळेच्या कामाचे बोलणे त्यांना समजेल अशा भाषेत. पहिली पाळी गणिताच्या तरुण शिक्षिकेची आली. तिने दोन रात्री बसून पंचायत समितीला पत्र लिहिले. त्यात वेलांटीच्या तीन चुका होत्या. सरांनी त्या पाहिल्या, तिला दाखवल्या, आणि पत्र तसेच जाऊ दिले. आठ दिवसांत काम होऊन आले.